दचकवणारा भयपट की पोखरणारा? इंग्रजी शब्दांसाठी कोणता निवडावा

भयपट बघून इंग्रजी शब्द वाढवायचे हे तुमचं ठरलं असेल, तर खरा प्रश्न त्यानंतर येतो. भयपटांत ढोबळ दोन जाती. एक दचकवणारी: शांतता, मग अचानक दारात कोणीतरी, मोठा आवाज, किंकाळी. दुसरी आतून पोखरणारी: तिथे तासभर काही विशेष घडत नाही आणि तरीही नीट टेकून बसवत नाही. शब्दांची वही शेजारी ठेवून मी दोन्ही जाती बघितल्या आहेत. आता जवळजवळ फक्त दुसरीच बघतो. पण पहिलीतही घेण्यासारखं पुष्कळ आहे आणि काहींना तीच जास्त मानवेल.

दचकवणाऱ्यांची मोठी जमेची बाजू म्हणजे क्रियापदं. ग्रॅब, ड्रॅग, क्रॉल, स्टंबल, डक; शब्द कानावर पडतो आणि त्याच क्षणी ती कृती डोळ्यांसमोर होत असते. माणूस पलंगाखाली सरपटत शिरताना बघितला की क्रॉल कोशात शोधावा लागत नाही. होल्ड ऑन, लेट गो, लुक आउट, गेट डाउन अशी जोडक्रियापदंही सतत येतात, आणि ती रोजच्या बोलण्यात हरघडी लागतात. वाक्यं तोकडी असतात. ज्याला लांब वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत अजून धरता येत नाही, त्याला ही जात खरोखर सोयीची. फक्त हा साठा लवकर संपतो. काही चित्रपट झाले की वहीत नवं फारसं उतरत नाही, कारण पळणारी माणसं सगळीकडे साधारण तेच बोलतात.

पोखरणाऱ्यांत मात्र भीती संभाषणातून यावी लागते. जेवणाच्या टेबलावरची बोलणी, डॉक्टरांकडची भेट, फार आपुलकीने चौकशी करणारी शेजारीण, मुलाला झोपवताना आईने दिलेलं अर्धवट उत्तर. माणसं मनातलं सरळ बोलत नाहीत, आणि न बोलण्यासाठी इंग्रजीत जे शब्द वापरतात ते आपल्याला इथे मिळतात: आय सपोज, अपॅरंटली, रादर, लेटली, नॉट क्वाइट हरसेल्फ. मृत्यूभोवतीचे सौम्य शब्द मिळतात: पास्ड अवे, ग्रीफ, मोर्निंग. भीतीच्या छटा मिळतात: अनईझी, ईरी, ड्रेड, ऑन एज. हातात सुरा घेऊन आपल्यामागे बहुधा कोणी लागणार नाही, पण ‘मला जरा अस्वस्थ वाटतंय’ हे इंग्रजीत सांगायची वेळ कधी ना कधी येतेच.

‘गेट आउट’ (२०१७) यासाठी मला फार मोलाचा वाटतो. एक कृष्णवर्णीय तरुण गोऱ्या मैत्रिणीच्या आईवडिलांना भेटायला जातो, आणि घरी जमलेले पाहुणे त्याच्याशी अतिशय सभ्यपणे बोलतात. बहुतेक शब्द ओळखीचे, कोणी आवाज चढवत नाही, तरी अंगावर काटा येतो. जॉर्डन पील यांना त्याच्या मूळ पटकथेसाठी ऑस्कर मिळालं ते का, हे तो समारंभाचा प्रसंग ऐकताना कळतं. सौजन्याच्या शब्दांत किती काही दडवता येतं हे मला कुठल्या पाठ्यपुस्तकाने इतकं नीट शिकवलं नव्हतं.

२००९ साली स्टुअर्ट वेब आणि मायकेल रॉजर्स या अभ्यासकांनी ३१८ चित्रपटांच्या संहिता तपासल्या. सर्वाधिक वापरातली ३,००० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुटुंब) येत असतील, तर विशेषनामं आणि हुंकारवजा शब्द धरून चित्रपटातले सुमारे ९५ टक्के शब्द ओळखीचे निघतात. ९८ टक्क्यांसाठी ६,००० लागतात. म्हणजे आपली सगळी धडपड त्या उरलेल्या थोड्या शब्दांसाठी आहे. ते थोडे शब्द कुठले असावेत, एवढंच आपल्याला निवडायचं असतं.

माझी निवड झाली ती मात्र रिमोटमुळे.

दचकवणाऱ्या चित्रपटाची घडणच अशी असते की धक्क्याच्या आधी आवाज अगदी तळाला नेतात. पात्रं लपलेली असतात आणि कुजबुजतात. चित्रपटगृहासाठी केलेल्या ध्वनिमिश्रणात हलक्या आणि मोठ्या आवाजातलं अंतर फार ठेवलेलं असतं, त्यामुळे घरच्या लहानशा स्पीकरवर ती कुजबुज पोचतच नाही. आपण व्हॉल्यूम वाढवतो, कान टवकारतो, एखादा नवा शब्द हाताशी येतोय असं वाटतं आणि नेमकं तेव्हाच कपाट धाडकन उघडतं. घर दणाणतं. व्हॉल्यूम खाली. पुन्हा कुजबुज, पुन्हा वर. काही वेळाने बोट बटणावरच राहतं आणि मन शब्दाची नव्हे, पुढच्या आवाजाची वाट बघू लागतं. माझं शिकणं तिथे थांबायचं. भीतीचं मला काही नव्हतं; तोंडाशी आलेला शब्द दर वेळी हिरावला जातो, याचा मनस्वी त्रास व्हायचा.

त्यात कुजबुज ही शिकणाऱ्याला मुळातच अवघड. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे घोष आणि अघोष व्यंजनांतला मुख्य फरक नाहीसा होतो. बॅक आणि पॅक, बॅड आणि बॅट जवळजवळ सारखे ऐकू येतात. ज्यांची ती मातृभाषा आहे ते संदर्भावरून भरून काढतात. ज्याला शब्दच नवा आहे तो कशावरून भरून काढणार?

यावर उपाय नाहीत असं नाही. हेडफोनने कुजबुज ऐकू येते, पण मग तो धमाका थेट कानात होतो. बऱ्याच टीव्हींमध्ये नाइट मोडसारखी सोय असते, ती हलका आवाज उचलते आणि मोठा दाबते. तिचा उपयोग झाला, हे मान्य करायला हवं. पण धक्का दाबला की अशा चित्रपटात बघण्यासारखं फार उरत नाही. सबटायटल लावले तर शब्द डोळ्यांना मिळतो, कान मात्र कोराच राहतो.

पोखरणाऱ्यांतही कुजबुज असते. पण तिच्या आजूबाजूला मोकळी शांतता असते, आणि पुढच्या क्षणी कानठळ्या बसणार नाहीत असा बऱ्यापैकी भरवसा असतो. पात्र बोलून थांबतं. त्या थांबण्यात शब्द मनात एकदा घोळवता येतो, कधी वहीत लिहूनही होतो. माझ्या बाबतीत तरी याच शब्दांनी मनात घर केलं.

हे चित्रपट दुसऱ्यांदाही बघवतात. शब्द पुन्हा पुन्हा भेटल्याशिवाय आपला होत नाही, आणि दचकवणारा चित्रपट दुसऱ्या खेपेला बराचसा निष्प्राण असतो. ‘द अदर्स’ (२००१) दुसऱ्यांदा बघा. शेवट ठाऊक झाल्यावर तीच साधी वाक्यं, घरकामाच्या त्याच सूचना वेगळ्याच ऐकू येतात. इतक्या लक्षपूर्वक मी दुसरी कुठलीच उजळणी केलेली नाही.

कर्णबधिरांसाठीच्या इंग्रजी कॅप्शन दोन्ही जातींत उपयोगी: फ्लोअरबोर्ड्स क्रीक, मफल्ड सॉबिंग, लीव्ह्ज रसलिंग. ध्वनींचे इतके शब्द एका जागी क्वचितच सापडतात. संथ चित्रपटात त्या वाचायला उसंत मिळते, एवढाच फरक.

पोखरणारा म्हणून कुठलाही उचलू नये. ‘द विच’ (२०१५) अप्रतिम आहे, पण त्याची भाषा १६३० च्या दशकातल्या न्यू इंग्लंडमधली. तिथले दाऊ आणि हॅथ आज बोलून चालणार नाहीत. तणावासाठी वाखाणला गेलेला ‘अ क्वाएट प्लेस’ (२०१८) बराचसा सांकेतिक भाषेत आहे, कानाला त्यात थोडंच मिळतं.

आणखी एक गोष्ट. दचकवणाऱ्याची भीती बहुतेकदा चित्रपटाबरोबर संपते, पोखरणारी रेंगाळते. झोप हलकी असेल, किंवा घरात नुकतंच काही दुःखद घडलं असेल, तर पहिली जातच बरी, निदान तूर्त. तेव्हा व्हॉल्यूमचा त्रास सोसावा.

बाकीच्यांनी ‘द अदर्स’पासून सुरुवात करावी असं मी सुचवेन. १९४५ सालचं जर्सी बेट, उन्हाची बाधा होणारी दोन मुलं, पडदे, किल्ल्या, नव्याने आलेली नोकरमाणसं. ब्रिटिश उच्चार स्पष्ट आहेत आणि बोलणं सावकाश. पहिल्यांदा इंग्रजी कॅप्शन लावून बघा, वही भरा, काही दिवस जाऊ द्या आणि मग कॅप्शन बंद करून पुन्हा लावा.