पार्कमधली सायकल ट्रेल वाचवायचीये: आहे तिथेच दुरुस्त करायची की वळवायची?

शहरातल्या पार्कमधली एखादी ट्रेल उखडली, मुळं उघडी पडली, मधोमध गुडघाभर चर पडला आणि पार्कवाले "आता बंदच करतो" म्हणायला लागले की ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडतातच. एक म्हणते आहे तिथेच दगड टाकू, चर बुजवू, झालं. दुसरी म्हणते लाइनच चुकलीये, बाजूने नवीन काढू. मी दोन्ही कामांवर घमेली उचललीयेत आणि माझं मत वळवण्याच्या बाजूने आहे, पण सरसकट नाही.

ठरवायच्या आधी एक काम करा, भर पावसात सायकल घरी ठेवून चालत तिथे जा. पाणी ट्रेल ओलांडून खाली जातंय की ट्रेलमध्ये शिरून तिचाच ओढा करतंय एवढंच बघायचं. बहुतेक उखडलेल्या ट्रेल या कोणीतरी टेकडीवरून सरळ खाली उतरून पाडलेल्या पाऊलवाटा असतात, पाण्यालाही तोच रस्ता आवडतो. बोलणी मात्र सगळी सायकलवाल्यांना बसतात. विल्सन आणि सेनी या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या मोंटानात ओल्या केलेल्या वाटांवर तपासून बघितलं होतं (अभ्यास 1994 मध्ये छापून आला), तर चाकांपेक्षा घोड्यांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी माती जास्त सुटी झाली. म्हणून आपण धुतल्या तांदळाचे असं नाही हं, तीव्र उतारावर मागचा ब्रेक दाबून स्किड मारत उतरणारे आपलेच असतात, आणि तो ओरखडा पुढच्या पावसात चर होतो.

आता दुरुस्तीचं बघू. जमेची बाजू म्हणजे नवीन झाडझुडूप तोडावं लागत नाही, परवानगी तुलनेने लवकर मिळते, आणि जुन्या रायडर्सची आवडती लाइन शाबूत राहते. पण "थोडी खडी टाकू" ही दुरुस्ती नव्हे. उतारावरची सुटी खडी दोन पावसात खाली जाऊन बसते आणि तिच्यावर ब्रेक पण लागत नाही. आडवे लाकडी ओंडके लावले तर त्यांच्यामागे गाळ साचतो, मग पाणीही वरून जातं आणि माणसं ओंडका टाळून बाजूने जातात, म्हणजे दोन फुटांची ट्रेल बघता बघता सहा फुटांची. खरी दुरुस्ती म्हणजे दगडी फरसबंदी, आणि तीही कपाटात पुस्तकं उभी लावतात तशी, दगड आडवे पसरायचे नाहीत, उभे गाडायचे, जास्त भाग जमिनीत, सगळ्यात मोठा दगड सर्वात खाली आणि तिथून वर चढत यायचं. आम्ही एकदा उत्साहात वरून सुरू केलं होतं, पहिल्या जोरदार पावसानंतर अर्धे दगड खाली गोळा करायला गेलो. पाच-सहा माणसं दिवसभर राबली तरी काही मीटरच होतात, त्यामुळे शंभर मीटर असंच करू म्हणणाऱ्याच्या हातात आधी कुदळ द्या.

वळवायचं म्हणजे टेकडीला आडवं कापत, कलाकलाने खाली यायचं. ट्रेल बांधणाऱ्यांचा निम्म्याचा नियम साधा आहे: ट्रेलचा उतार टेकडीच्या उताराच्या निम्म्याच्या आत हवा. टेकडी 20 टक्के असेल, म्हणजे आडव्या 100 मीटरला 20 मीटर खाली येत असेल, तर ट्रेल 10 च्या आत. टेकडी कितीही तीव्र असली तरी पूर्ण ट्रेलची सरासरी 10 टक्क्यांच्या आसपासच ठेवायची. आणि फोनमधलं उतार मोजायचं अ‍ॅप बऱ्याचदा डिग्री दाखवतं, टक्के नाही. 10 टक्के म्हणजे जेमतेम 6 डिग्री. आमच्या एका मित्राने 10 डिग्री धरून आखणी केली, तो उतार निघाला जवळपास 18 टक्के, परत आखणीसाठी रोवलेल्या सगळ्या झेंड्या उपटल्या.

ट्रेलची बाहेरची, म्हणजे उताराकडची कड साधारण 5 टक्के खाली झुकलेली ठेवायची आणि उतरताना मध्येमध्ये छोटासा चढ द्यायचा, म्हणजे पाणी तिथे थबकून बाहेर पडतं आणि रायडरला फुकटात पंप करायला, म्हणजे पेडल न मारता अंग वरखाली करून वेग घ्यायला मिळतं. पूर्ण रुंदी टेकडीत खोदूनच काढायची. खोदलेली माती कडेला रचून त्यावर अर्धी ट्रेल टेकवली की ती कड खचतेच. मेहनत इथेही आहे, पण पुढची कित्येक वर्षं पालापाचोळा आणि साचलेला गाळ काढण्यापुरतीच. मजा कमी होते ही तक्रार मला पटत नाही, उलट लांबी वाढते आणि वळणं मिळतात.

मग दुरुस्ती कधी? एक, पार्क इतकं अरुंद असेल की वळवायला जागाच नाही, किंवा वळवलं तर जुन्या झाडांची मुळं तोडावी लागतील. दोन, सगळी ट्रेल चांगलीये आणि चार-पाच मीटरचाच तुकडा खराब आहे. तीन, सपाट ओलसर जागा, कारण निम्म्याचा नियम तिथे लागूच पडत नाही, पाण्याला जायला उतारच नसतो, तिथे खाली दगड भरून ट्रेल उचलावीच लागते.

काही जण म्हणतील की खरा प्रॉब्लेम माती नाही, चालणाऱ्यांशी होणारी भांडणं आहेत. तसं असेल तर कुदळ उचलायच्या आधी वार वाटून बघा. युटाहमधल्या मिलक्रीक कॅन्यनच्या वरच्या भागात सायकली फक्त सम तारखांना चालतात, कोलोराडोत बेटासो प्रिझर्व्हमध्ये बुधवारी आणि शनिवारी सायकल बंद असते. पार्कवाल्यांना हे झेपतं, फक्त पाटी ठळक हवी.

वळवायचं ठरलंच तर जुनी वाट बंद करणं त्याच कामात धरा, "नंतर बघू" म्हटलं की दोन वाटा होतात आणि पार्कवाले दोन्ही बंद करतात. दाबून कडक झालेली माती कुदळीने भुसभुशीत करा, उतारावर आडवे ओंडके गाडा, आजूबाजूचीच रोपं लावा. नुसती काटेरी फांदी तोंडावर टाकली तर पुढच्या रविवारी कोणीतरी ती उचलून बाजूला ठेवतोच. वाट जिथून नजरेला पडते ती पहिली वीस-पंचवीस पावलं वरून आणि खालून दोन्हीकडून गच्च झाका, मधलं पुढच्या रविवारी केलं तरी चालेल.