पोर्टेबल इन्क्युबेटर निवडताना: हीटरची पेटी, पेल्टिए पेटी की मेणाची पेटी?

पोर्टेबल इन्क्युबेटर, म्हणजे जीवाणू, पेशी किंवा अंडी वाढवण्यासाठी आत ठरावीक तापमान राखणारी, बरोबर नेता येणारी पेटी, घ्यायची ठरली की चर्चा बहुधा आत किती पेट्री डिश (जीवाणू वाढवायच्या झाकणाच्या चपट्या बशा) मावतील येथून सुरू होते आणि पडद्यावर तापमानाचा दशांश दिसतो का येथे येऊन थांबते. त्याआधी एक प्रश्न सोडवलेला असावा. पेटी जिथे चालणार आहे तिथले दिवसाचे कमाल आणि रात्रीचे किमान तापमान किती, आणि आपल्याला हवे असलेले तापमान या दोन्हींच्या वर आहे, खाली आहे की मध्ये कुठेतरी आहे? या एका उत्तरावरून पेटीचा प्रकार जवळजवळ ठरतो. वातानुकूलित प्रयोगशाळेतल्या टेबलावर निर्दोष चालणारी पेटी उन्हात उभ्या गाडीत निरुपयोगी ठरते, कारण बंद गाडीतले तापमान 50 अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकते.

सर्वांत साधा प्रकार म्हणजे फक्त हीटर असलेली पेटी. तिला तापवता येते, थंड करता येत नाही. त्यामुळे बाहेरचे तापमान हव्या त्या तापमानापेक्षा निदान पाचेक अंशांनी कमी असेल तरच तिचे नियंत्रण भरवशाचे राहते. बाहेर 25 अंश असताना 37 अंश राखणे तिला सहज जमते. बाहेर 39 अंश झाले की हीटर बंद होतो आणि आतले तापमान हळूहळू बाहेरच्या तापमानाकडे सरकू लागते. पेल्टिए पद्धतीच्या पेटीत वीज सोडली की एका बाजूने तापणारी आणि दुसऱ्या बाजूने थंड होणारी चकती असते; विजेचा प्रवाह उलटा करून तीच चकती तापवण्यासाठी किंवा थंड करण्यासाठी वापरतात. तिच्यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर आणि थंड करणारा वायू नसल्यामुळे ती हलकी असते आणि प्रवासात आडवी झाली तरी बिघडत नाही. मात्र थंड करताना तिची कार्यक्षमता कमी असते आणि बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंश खाली जाईपर्यंत ती थकते. म्हणून पाण्यातील जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीच्या (पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याच्या) चाचणीसाठी पाच दिवस 20 अंश राखायचे असतील आणि बाहेर 42 अंश असतील, तर पेल्टिए पेटीवर विसंबू नये. अशा वेळी कॉम्प्रेसरची पेटी घ्यावी किंवा नमुने थंड ठेवून पक्क्या छपराखाली आणावेत.

तिसरा प्रकार कमी लोकांना माहीत असतो आणि मला तो फार मोलाचा वाटतो. त्यात वीज लागत नाही. ठरावीक तापमानाला वितळणारे मेणासारखे द्रव्य आधी गरम पाण्यात वितळवून पेटीत ठेवतात आणि ते गोठताना बाहेर पडणाऱ्या सुप्त उष्णतेवर आतले तापमान टिकते. आयकोसेन हे पॅराफिन 36 ते 37 अंशांच्या आसपास, तर डोकोसेन 44 अंशांच्या आसपास वितळते. आयकोसेनची सुप्त उष्णता ग्रॅममागे सुमारे 240 जूल आहे, म्हणजे एक किलो द्रव्य गोठताना सुमारे 240 किलोजूल मिळतात. तेवढेच पाणी एका अंशाने थंड होताना जेमतेम 4.2 किलोजूल देते. चांगल्या आवरणाच्या छोट्या पेटीतून तीन वॅट उष्णता बाहेर जात असेल, तर एक किलो आयकोसेन हिशेबाने सुमारे 22 तास पुरते. मर्यादाही स्पष्ट आहेत: एका द्रव्यातून एकच तापमान मिळते, आणि शेवटचा थर गोठला की तापमान झपाट्याने उतरते, तेही पेटी बाहेरून पाहून कळत नाही.

हीटर आणि पेल्टिए यांतला खरा फरक बॅटरीच्या हिशेबात दिसतो. चांगल्या आवरणाची हीटर पेटी सरासरी 20 वॅट घेत असेल, तर 24 तासांना 480 वॅट-तास लागतात, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून 40 अँपिअर-तास. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, असे धरले तर 80 अँपिअर-तासांची बॅटरी न्यावी लागते आणि तिचे वजन वीस किलोहून अधिक भरते. तेच काम लिथियम आयर्न फॉस्फेटची 50 अँपिअर-तासांची बॅटरी बऱ्याच कमी वजनात करते, मात्र शून्य अंशाखाली तिला चार्ज करू नये. थंड करण्यासाठी सतत 50 वॅट घेणाऱ्या पेल्टिए पेटीला दिवसाला 1200 वॅट-तास, म्हणजे 100 अँपिअर-तास लागतील. ज्यांचे सगळे काम 37 किंवा 44 अंशांचे आहे आणि ज्यांच्या कामाच्या जागी सावलीत 30 अंशांच्या वर जात नाही, त्यांनी थंड करण्याच्या क्षमतेसाठी हा भार वाहू नये, असे माझे ठाम मत आहे. विमानाने जायचे असल्यास आणखी एक अट लक्षात घ्यावी: 100 वॅट-तासांपर्यंतच्या लिथियम बॅटऱ्या सहसा हातसामानातून नेता येतात, 100 ते 160 वॅट-तासांसाठी विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्याहून मोठ्या प्रवाशाला नेता येत नाहीत. त्यामुळे बॅटरी मुक्कामावर मिळेल का, याची चौकशी आधीच करून ठेवावी.

अचूकतेच्या बाबतीत माहितीपत्रकातला ±0.5 अंशाचा आकडा नीट वाचावा लागतो. तो बहुधा रिकाम्या पेटीतल्या सेन्सरपाशी काळानुसार होणारा चढउतार सांगतो. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतचा फरक वेगळा असतो आणि कामासाठी तोच अधिक महत्त्वाचा असतो. विष्ठाजन्य कोलिफॉर्मच्या (पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण असलेल्या जीवाणूंच्या) मेम्ब्रेन फिल्टर चाचणीत, म्हणजे पाणी बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळून त्यावरचे जीवाणू वाढवण्याच्या चाचणीत, 44.5 ± 0.2 अंश राखावे लागतात. एवढी काटेकोर मर्यादा हवा तापवणाऱ्या छोट्या पेटीला सहसा झेपत नाही, म्हणून त्या कामाला पाण्याचे बाथ किंवा धातूच्या ठोकळ्यात डिश बसवायची पेटी योग्य. दहा डिशची चळत एकदम आत ठेवली की वरची आणि खालची डिश लवकर तापतात, पण मधल्या डिश बराच वेळ मागे राहतात आणि पडद्यावर मात्र 37.0 दिसत राहते. चळती लहान ठेवल्या आणि त्यांच्यामध्ये हवेला वाट ठेवली, तर हा फरक बराच कमी होतो.

म्हणून कोणतीही पेटी स्वीकारण्यापूर्वी तिची परीक्षा घ्यावी. पाण्याने भरलेल्या छोट्या बाटल्यांत कॅलिब्रेट केलेल्या डेटा लॉगरचे (तापमान आपोआप नोंदवत राहणाऱ्या उपकरणाचे) सेन्सर बुडवून एक बाटली मध्यभागी आणि इतर कोपऱ्यांत ठेवावी, पेटी नेहमीइतकी भरावी आणि चोवीस तासांच्या नोंदी काढाव्यात. सेन्सर नुसत्या हवेत ठेवला, तर दार उघडताच आकडा उडी मारतो आणि आतल्या माध्यमाचे (जीवाणू ज्यावर वाढतात त्या पोषक द्रव्याचे) तापमान खरोखर बदलले का, ते समजत नाही. ही परीक्षा थंड खोलीत एकदा आणि गरम खोलीत एकदा घेतली, तर पेटीची मर्यादा कामाला लागण्याआधीच कळते. लॉगर कामाच्या वेळीही आतच राहू द्यावा. मेणाच्या पेटीत तर तो अनिवार्य मानावा.

आत पंखा असलेल्या पेटीत तापमान अधिक समान राहते, पण आगर, म्हणजे डिशमधले जेलीसारखे माध्यम, लवकर सुकतो. लांब उष्मायनासाठी (ठरावीक तापमानात ठेवून वाढवण्यासाठी) डिश पालथ्या ठेवून त्या ओलसर कापसासह बंद पिशवीत ठेवाव्यात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांसाठी पेटी निवडताना पंख्याची कंपनेही तपासावीत, कारण गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटल्यानंतर अंडी हलवणे किंवा फिरवणे धोक्याचे असते. अनेक कासवांच्या बाबतीत तर पिल्लाचे लिंगच उष्मायनाच्या तापमानावर ठरते, त्यामुळे तिथे एका अंशाची चूकही क्षम्य नाही.

पेशीसंवर्धनाला (शरीराबाहेर पेशी वाढवण्याला) 37 अंशांबरोबर सहसा 5 टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. वायूचा सिलिंडर बरोबर नेण्याचा त्रास घेण्याआधी कार्बन डायऑक्साइडविना चालणाऱ्या लायबोविट्झ एल-15 माध्यमावर किंवा हेपेस बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रव्य) घातलेल्या माध्यमावर आपल्या पेशी तग धरतात का, ते प्रयोगशाळेतच पाहावे.

उष्मायन संपल्यावर हातात जिवंत जीवाणूंनी भरलेल्या डिश उरतात. त्या तशाच कचऱ्यात टाकता येत नाहीत, म्हणून 15 पौंड दाबाचा, म्हणजे 121 अंशांपर्यंत जाणारा प्रेशर कुकर सामानात असावा. उंच डोंगराळ भागात त्याच दाबाला आतले तापमान कमी राहते, तेव्हा निर्जंतुकीकरणाचा वेळ वाढवावा. पेटीचा आतला भाग दर वेळी 70 टक्के अल्कोहोलने पुसावा, मात्र त्याआधी वीज तोडून पेटी थंड होऊ द्यावी, कारण अल्कोहोलची वाफ तापलेल्या हीटरपाशी पेट घेऊ शकते. ब्लीच स्टीलवर राहू दिल्यास त्याला गंज चढतो.