फ्लॅटबेड स्कॅनर, आठ महिन्यांनंतर: गेलेल्या माणसाचे जुने फोटो

माणूस गेलं की दहाव्या-बाराव्यापर्यंत फ्रेम हवी असते. घाईत आधार कार्डासाठी काढलेला नाहीतर पासपोर्ट साइझ फोटो मोठा करून त्याला हार घातला जातो, आणि पुढची वीस वर्षं भिंतीवर तोच अवघडलेला चेहरा राहतो. वर्षश्राद्धापर्यंत मात्र हातात वेळ असतो. अल्बम आणि ट्रंका उपसून त्या माणसाचं हसणं, बसणं, कामात असणं बाहेर काढता येतं. त्यासाठी सीसीडी सेन्सरचा (सेन्सर म्हणजे चित्र टिपणारा भाग), झाकणात निगेटिव्हसाठी दिवा असलेला ए-फोर फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर फोटो पालथा ठेवायचा स्कॅनर आठ महिने वापरून हे लिहितोय.

सीसीडीच घ्या. स्वस्त, चपट्या स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर असतो. त्याला काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट दिसतं, आणि जुने फोटो कडेला वळलेले असतात. सीसीडीला काचेपासून थोडं उचललेलंही स्पष्ट दिसतं. वळलेला फोटो जोर लावून सपाट करू नका, वरच्या थराला तडे जातात.

४×६ इंची फोटो ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) घेतला की २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात. ३०० डीपीआयने छापला तर ८×१२ इंच, आणि भिंतीवर लांबून बघायच्या १२×१८ फ्रेमलाही तो पुरतो. पासपोर्ट फोटो किंवा आग्फा क्लिक-३ च्या काळातले ६×६ सेंटिमीटरचे छोटे चौकोनी फोटो १२०० वर घ्या. त्यापुढे फक्त फाइल फुगते. ६०० वरची टिफ (चित्रातलं काही न गाळता साठवणारा प्रकार) फाइलच सुमारे २६ एमबी होते, तरी मूळ स्कॅन टिफमध्येच ठेवा, वाटायला जेपेग करा. काचेवर ४×६ चे चार फोटो बसत नाहीत, थोडक्यात लांबी कमी पडते. दोन उभे आणि खाली एक आडवा असे तीन बसतात. साडेतीन बाय पाचचे चार आरामात मावतात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो जाळीदार, रेशमी पोताच्या कागदानं. लग्नाच्या अल्बमांत तो हमखास सापडतो. स्कॅनरचा दिवा एका बाजूनं पडतो, त्या खळग्यांवर चमकतो आणि चेहऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची चाळण उमटते. नथीचे मोती कुठले आणि कागदाचे ठिपके कुठले, कळत नाही. उपाय असा: एकदा सरळ स्कॅन करा, मग फोटो १८० अंशांत फिरवून पुन्हा. दुसरा स्कॅन संगणकावर सुलटा करून पहिल्यावर ५० टक्के पारदर्शक लेयर म्हणून ठेवा, डोळ्यांच्या बाहुल्या तंतोतंत जुळवा. चमक बरीच मारली जाते. एका फोटोला पंधरा मिनिटं जातात, पण आईच्या लग्नातल्या चेहऱ्यासाठी ती द्यावीत.

सॉफ्टवेअरमधलं ऑटो शार्पनिंग (कडा आपोआप ठळक करणं) बंद करा. लालसर पडलेल्या रंगीत फोटोवर रंग परत आणायचं बटण चालतं, पण कातडीचा रंग हमखास बिघडतो, तो हातानं सुधारावा लागतो. एआयनं चेहरा 'स्वच्छ' करू नका. डोळे चकचकीत होतात, गालावरचा तीळ पुसला जातो, दात सरळ होतात. उरतो तो दुसराच कुणीतरी. इन्फ्रारेडनं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशानं, धूळ काढायची सोय रंगीत निगेटिव्हवर छान चालते. कृष्णधवल निगेटिव्हवर ती बंदच ठेवा, कारण चित्रातली चांदीच इन्फ्रारेड अडवते आणि यंत्र तिलाच धूळ समजतं.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो खेचू नका. दात साफ करायचा फ्लॉस कोपऱ्यातून खाली सरकवत न्या. पावसाळ्याच्या दमटपणानं फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर सोडवूच नका, काचेसकट स्कॅन करा.

मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणाचं तरी अक्षर तिथंच असतं. घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला ओळखता येतील ते फोटो आधी घ्या आणि नावं फाइलमध्ये लगेच टाका. फोटोमागे लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, कडेला. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उठतो. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सगळी मेहनत तिथंच आकसते.

हार घालायच्या फ्रेममध्ये नवी छापील प्रत घाला, मूळ फोटो नको. काच आणि फोटोच्या मध्ये माउंट (काच फोटोला टेकू न देणारी पुठ्ठ्याची चौकट) बसवायला फ्रेमवाल्याला आवर्जून सांगा, आणि उदबत्ती फ्रेमच्या अगदी खाली लावू नका.