डीॲक्टिव्हेट की डिलीट?

बारा-तेरा वर्षं एकाच सोशल मीडियावर काढल्यावर उठायचं म्हटलं की दोन वाटा असतात. खातं डीॲक्टिव्हेट करून ठेवायचं, नाहीतर सरळ डिलीट. मी आधी पहिली धरली, वर्ष-सव्वा वर्षानं दुसरी. बटणं कुठं असतात ते सांगत बसत नाही, घरातलं कुठलंही पोरगं दाखवेल.

डीॲक्टिव्हेटचं सुख असं की मन घट्ट करावं लागत नाही. फोटो, मित्र, जुन्या कॉमेंट्स जागच्या जागी राहतात, फक्त लोकांना दिसत नाहीत. फेसबुकवर तर खातं झोपवूनही मेसेंजर चालू ठेवता येतं. जळगावकडच्या रावेर पट्ट्यातल्या केळीवाल्याला हे सोडवत नाही. बुऱ्हाणपूरचा भाव काय निघाला, कोणाच्या बागेत सीएमव्ही हा केळीचा रोग दिसला, हे निम्मं गप्पांतूनच कळतं. डिलीट केलं की मेसेंजरही जातं. माझं आता फोनवर भागतं. भाव अर्धा तास उशिरा कळतो, तेवढ्यानं घड काही पिकून पडत नाही.

मग अडलं कुठं? झोपलेलं खातं फार हलक्या झोपेचं असतं. लॉगिन केलं की ताडकन उठतं. माझं खातं कुठलं ते राहू द्या, पण श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या रोटांच्या सणाला सगळी भाऊबंदकी जमलेली, गंगाफळाची भाजी वाढून झालेली, आणि मी तोऱ्यात सांगत होतो, "आपण तर सोडलं बुवा ते." पुतण्यानं मोबाईल पुढं धरला. "नाना, तुम्ही तर ऑनलाइन दिसून राहिले!" आदल्या रात्री भाव दाखवणारं एक ॲप नव्या मोबाईलवर टाकलं होतं, आणि पासवर्ड आठवेना म्हणून त्याच जुन्या खात्यानं लॉगिन करायचं बटण दाबलं होतं. तेवढ्यानं सगळं जागं. पुढं असं आणखी दोनदा झालं. 'येतो' म्हणून निघालेला पाहुणा पुन्हा पुन्हा पाटावर येऊन बसावा, तशी माझी गत. ताबा माझाच सुटत होता म्हणा, पण लाज वाटायची ती वाटलीच.

डिलीटला मात्र आधी तयारी लागते. फेसबुक, इन्स्टाग्राम, दोन्हीकडे 30 दिवसांत मन बदलता येतं. त्या दिवसांत पुन्हा चुकून लॉगिन होऊ नये म्हणून त्या खात्यानं कुठल्या कुठल्या ॲपांत लॉगिन होतं त्याची मी वहीत यादी केली आणि एकेक तोडलं. डिलीटआधी फोटो आपल्याकडे उतरवून घेताना एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरमध्ये सरळ उघडणारी फाइल, निवडा. जेसन, म्हणजे संगणकाला वाचायची फाइल, घेतलंत तर नुसते कंस बघत बसाल. मंडळाचं पेज तुमच्या एकट्याच्याच हातात असेल तर आधी दुसऱ्या कोणाला ॲडमिन करा, नाहीतर तेही जाईल. आणि तुम्ही पाठवलेले मेसेज समोरच्याकडे राहतातच. 2012 साली कोणाला काही बोलला असाल तर ते डिलीट करून मिटत नाही.

बिबड्या-पापड तिथंच विकणाऱ्या वहिनींना मी डिलीट करा म्हणणार नाही. ज्याचा हात आवरतो त्यालाही डीॲक्टिव्हेट पुरेल, बहुधा. माझा आवरला नाही.

माझे 30 दिवस अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आठवड्यात संपले. पोरींचे झोके बांधायच्या गडबडीत तारीख कधी उलटली ते कळलंही नाही.