शब्दकोश घेण्यापूर्वी ‘गेट’चे पान उघडा

ठाण्याच्या नौपाड्यात राहणारी माझी भाची मराठी माध्यमातून दहावी झाली आणि यंदा महाविद्यालयात गेली. पहिल्याच महिन्यात तिला गैरहजेरीचा अर्ज इंग्रजीत लिहावा लागला, तेव्हा ‘मला ताप आला होता’ हे तिने ‘फीवर केम टू मी’ असे लिहिले. शब्द सगळे इंग्रजी आणि काळही बरोबर असला, तरी ज्यांची ती भाषा आहे, त्यांच्यापैकी कोणी असे म्हणणार नाही. ते ‘आय गॉट अ फीवर’ म्हणतील. तिच्याजवळ स्टेशनाबाहेर घेतलेला खिशात मावणारा इंग्रजी–मराठी कोश होता आणि त्यात ‘गेट’ या क्रियापदासमोर ‘मिळवणे, प्राप्त करणे’ एवढेच दिले होते. “मावशी, ताप काय कोणी मिळवायला जातं का?” या तिच्या प्रश्नाला त्या कोशात उत्तर नव्हते. म्हणून तिला एक बरा कोश घेऊन देण्याचे ठरवले.

कोश पारखण्याची माझी एक ठरलेली रीत आहे. अवघड, लांबलचक शब्द कोणताही कोश नीट सांगतो, कारण अशा शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो. कस लागतो तो दिवसातून शंभरदा बोलल्या जाणाऱ्या लहान क्रियापदाच्या नोंदीत. राम मारुती रोडच्या परिसरातील एका दुकानात मी दोन कोश काउंटरवर मागून घेतले आणि दोन्हींत फक्त ‘गेट’ची नोंद वाचली. प्लॅस्टिकचे वेष्टन काढून दाखवायला दुकानदार प्रथम नाखूश होते. “ताई, डिक्शनऱ्या सगळ्या सारख्याच,” असे ते म्हणाले, पण अर्धा तास उभे राहू दिले, हा त्यांचा चांगुलपणा. (फाटकाचे ‘गेट’ हा निराळाच शब्द आहे, देवनागरीत दोन्ही एकसारखे दिसतात, पण इंग्रजीत त्यांचे स्पेलिंग, उच्चार आणि कूळ तिन्ही वेगळे.)

पहिला कोश ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी, 2020 सालची दहावी आवृत्ती. या कोशाचा जन्म इंग्लंडमध्ये झालेला नाही. ए. एस. हॉर्नबी 1924 साली इंग्रजी शिकवायला जपानला गेले. तेथे परभाषकांना नेमके काय अडते हे पाहत त्यांनी सहकाऱ्यांसह जो कोश रचला, तो 1942 साली तोक्योत प्रसिद्ध झाला आणि 1948 साली ऑक्सफर्डने आपल्या नावाने काढला. क्रियापदाचा अर्थ सांगून भागत नाही, त्याच्यामागून वाक्यात काय येते हेही सांगावे लागते, हा हॉर्नबींचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी क्रियापदांचे पंचवीस साचे मांडले होते. ‘गेट’च्या नोंदीत त्या आग्रहाचे फळ दिसते. नोंद लांब आहे, पान उलटावे लागते, परंतु वाचक हरवू नये म्हणून अर्थांच्या गटांवर छोटी शीर्षके आहेत: मिळणे, आणून देणे, विकत घेणे, आजार, अवस्था बदलणे, एखाद्याला राजी करणे, काम करवून घेणे, पोहोचणे, समजणे. ‘आजार’ या शीर्षकाखाली भाचीचा ताप सापडला, तेव्हाच माझे निम्मे मत झाले होते.

मराठी माणसाला हे शीर्षक इतके मोलाचे का वाटावे, याचे कारण आपल्या वाक्याच्या घडणीत आहे. मराठीत ताप येतो, राग येतो, झोप येते, भूक लागते. ज्याला हे सारे होते तो ‘मला’ म्हणून बाजूला बसलेला असतो आणि ताप किंवा भूक स्वतः चालत त्याच्याकडे येते. इंग्रजीत तोच माणूस कर्त्याच्या जागी जाऊन बसतो आणि ताप, राग, भूक यांच्यासाठी ‘गेट’ वापरतो. ‘आय गॉट अँग्री’, ‘शी गॉट हंग्री’. ‘मला’ला ‘आय’ करण्याची ही उडी ज्या कोशात शिकता येत नाही, तो मराठी विद्यार्थ्याच्या कामाचा नाही. मग त्यात शब्द पन्नास हजार असोत की लाख. ‘मिळवणे’ हा अर्थ चुकीचा नाही, पण त्यात प्रयत्न आणि इच्छा गृहीत धरलेली आहे, आणि ‘गेट’ला या दोन्हींची गरज नसते. शिक्षा, सर्दी, ओरडा हेसुद्धा ‘गेट’नेच पदरात पडतात.

काम करवून घेण्याच्या अर्थाची मांडणी तर मला विशेष आवडली. केस कापून घेणे, घड्याळ दुरुस्त करून घेणे, सही करून घेणे यांसाठी मराठीत ‘घेणे’ हे साहाय्यक क्रियापद जे काम करते, तेच इंग्रजीत ‘गेट’ करते: ‘आय गॉट माय हेअर कट’. हे वाक्य ‘आय कट माय हेअर’ असे लिहिले, तर कात्री स्वतःच चालवली असा अर्थ होतो, आणि ही चूक मी कार्यालयातल्या भल्याभल्यांच्या लेखनात पाहिली आहे. दुसऱ्याकडून काम करवताना ‘मेक’ आणि ‘हॅव’ यांच्यानंतर ‘टू’ येत नाही, ‘गेट’नंतर मात्र येते: ‘गेट हिम टू साइन’. हा फरक कोशात साचा देऊन दाखवला आहे, आणि ‘गेट’ने केलेल्या अशा कामात थोडी मनधरणी असते, हेही उदाहरणांवरून लक्षात येते.

ठाण्याच्या माणसाचे निम्मे आयुष्य गाडीत चढण्या-उतरण्यात जात असल्यामुळे मी तोही भाग पाहिला. आपण ‘ठाण्याला उतरणार’चे ‘आय विल गेट डाउन ॲट ठाणे’ करतो आणि सबंध डब्याला ते समजते. ब्रिटिश इंग्रजीत मात्र आगगाडी किंवा बस असेल तर ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’ म्हणतात, रिक्षा किंवा मोटार असेल तर ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. ‘गेट डाउन’ घोड्यावरून किंवा शिडीवरून उतरताना. लोकलमध्ये मी आपलेच ‘गेट डाउन’ चालू ठेवणार आहे. परीक्षेत काय लिहायचे ते भाचीने ठरवावे.

या कोशातली एक उणीव मात्र नोंदवायला हवी: छापील नोंदीत शब्दाचे मूळ दिलेले नाही. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांची ही रूढ पद्धतच आहे, परंतु माझ्यासारख्या वाचकाला ते जेवणानंतर विडा न मिळाल्यासारखे वाटते. त्यासाठी दुसरा कोश घेतला, कन्साइज ऑक्सफर्ड, ज्याची पहिली आवृत्ती हेन्री आणि फ्रान्सिस या फाउलर बंधूंनी 1911 साली सिद्ध केली. येथे ‘गेट’च्या शेवटी मोजक्या ओळींत त्याचे कूळ सांगितले आहे, आणि त्या ओळींसाठीच हा जाड कोश घरी आणावासा वाटला.

‘गेट’ हा इंग्रजीचा जन्मजात शब्द नाही. तो प्राचीन नॉर्स भाषेतील ‘गेता’ या क्रियापदावरून आला, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंग लोकांनी तो आणला. 793 साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्नच्या मठावर त्यांची धाड पडली. पुढे लुटारूंचे शेतकरी झाले, इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत त्यांची गावे वसली आणि 1016 साली क्नूट हा डॅनिश राजा इंग्लंडच्या गादीवर बसला. शेजारी राहणाऱ्या या दोन समाजांच्या भाषा मुळात बहिणी होत्या, म्हणून केवळ वस्तूंची नावे उचलून व्यवहार थांबला नाही, रोजची क्रियापदे आणि सर्वनामेही बदलली. ‘टेक’ त्यांचा आणि ‘दे’ हे सर्वनामही त्यांचेच. जुन्या इंग्रजीत याच कुळातील ‘गिएतन’ होते, पण ते एकटे क्वचितच येई, उपसर्ग लावूनच वावरे. त्याच्या सुरुवातीचा उच्चारही ‘य’कडे झुकलेला होता. आज आपण ‘फरगेट’ म्हणताना जो कणखर ‘ग’ उच्चारतो, तो नॉर्सच्या प्रभावाने आला.

‘फरगेट’ची फोड पाहिली की शब्दाचा मूळ पिंड कळतो. ‘गेट’ म्हणजे हातात धरणे, आणि आधीचा ‘फर’ ते धरलेले गमावल्याचे सांगतो. विसरणे म्हणजे मनाची पकड सुटणे. आपला ‘विसरणे’ संस्कृतातील ‘स्मृ’ धातूवरून, आठवणीच्या बाजूने आला आहे. इंग्रजांचा मुठीच्या बाजूने आला. ‘गेट’च्याच मूळ धातूची लॅटिन शाखा म्हणजे ‘प्रेहेंदेरे’, पकडणे. तिच्यापासून समजण्याचा भारदस्त शब्द ‘काँप्रिहेंड’ निघाला आणि ‘प्रिझन’ही. म्हणजे मित्राला ‘गॉट इट’ म्हणणारा मुलगा आणि परीक्षेत ‘काँप्रिहेन्शन’चा उतारा सोडवणारा मुलगा फार दूरच्या नात्याने एकाच घरचे शब्द वापरतात, आणि आपल्या ठाण्याच्या जुन्या किल्ल्यातील कारागृहाच्या इंग्रजी पाटीवरही त्याच घराण्यातला शब्द आहे. दुकानात उभ्या उभ्या मला हसू आले, तेव्हा दुकानदारांनी चष्म्यावरून पाहिले.

भूतकाळवाचक ‘गॉटन’ या रूपाला आपल्याकडचे काही शिक्षक अमेरिकनांनी केलेली मोडतोड समजतात. वस्तुतः हे रूप इंग्लंडातच जुने; तेथे ते मागे पडले आणि अमेरिकेत टिकले. अमेरिकन माणूस ‘आय हॅव गॉट अ तिकीट’ म्हणतो तेव्हा तिकीट जवळ आहे एवढेच सांगतो, आणि ‘आय हॅव गॉटन अ तिकीट’ म्हणतो तेव्हा ते मिळवल्याचे सांगतो.

‘गेट’ लिहू नका, ‘रिसीव्ह’ किंवा ‘ऑब्टेन’ लिहा, असे मला शाळेत शिकवले होते आणि कचेरीत तीस वर्षे मी ते पाळलेही. ‘रिसीव्ह’ आणि ‘ऑब्टेन’ हे फ्रेंचमधून आलेले शब्द. 1066 साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांची राजवट आल्यानंतर दरबार आणि न्यायालय त्या भाषेचे झाले, म्हणून तिकडून आलेल्या शब्दांना अजून दरबारी पोशाख आहे. ‘पत्र मिळाले’ असे घरी म्हणणारा मराठी कारकून कचेरीत ‘पत्र प्राप्त झाले’ लिहितो, त्यातला हा प्रकार. अर्जात ‘रिसीव्ह’ शोभते, हे मी आजही मानते. पण बोलताना ‘आय ऑब्टेन्ड अ सीट इन द ट्रेन’ म्हणणाऱ्या माणसाला डब्यात कोणी जवळ बसवून घेणार नाही, हेही मुलांना सांगायला हवे, आणि शिकणाऱ्यांच्या कोशातील उदाहरणे ते न सांगता शिकवतात.

एखादी इंग्रज मुलगी मराठी शिकायला बसली, तर तिला असेच रडवणारे क्रियापद म्हणजे ‘लागणे’. भूक लागते, आग लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, ठेच लागते, आंबा गोड लागतो, तो माझा मामा लागतो, आणि शेवटी जावे लागते. 1831 साली मराठी–इंग्रजी कोश प्रसिद्ध करणाऱ्या मोल्सवर्थसाहेबांना या एका शब्दाने किती बेजार केले असेल, याची कल्पना करून मी ‘गेट’ला क्षमा केली.

खरेदीचे सांगायचे तर विद्यार्थ्यासाठी लर्नर्स डिक्शनरी घ्यावी. सवलतीनंतर ती मला हजाराच्या आत पडली. ती जड आहे, रोज दप्तरात नेण्याजोगी नाही, घरी टेबलावरच राहील. कन्साइज ऑक्सफर्ड हौस असेल तरच. इंग्रजीत अर्थ देणारा कोश झेपणार नाही ही पालकांची भीती मला रास्त वाटत नाही, कारण यातल्या व्याख्या ठरावीक सोप्या शब्दांत लिहिलेल्या आहेत. फार तर पहिले दोन महिने शेजारी मराठी अर्थाचा कोश ठेवावा. फुटपाथवरचा तो खिशातला कोश मी अजून टाकलेला नाही, भाजीपाल्याच्या नावांसाठी तो चांगला आहे.

भाचीने अर्ज नव्याने लिहिला. ‘ताप उतरला’ हे कसे लिहायचे म्हणून तिने तीच नोंद पुढे चाळली आणि जोडक्रियापदांच्या (‘फ्रेजल व्हर्ब’च्या) यादीत ‘गेट ओव्हर’ काढले. “मावशी, इथेही तापाला काहीच करायचं नाही,” ती म्हणाली, “उतरायचं सोडून मलाच त्याच्यावरून पलीकडे जायचंय.”