लिम्फोमाची स्टेज ठरवताना: सीटी, पेट-सीटी की एमआरआय?

मानेतल्या गाठीची बायोप्सी होते, रिपोर्टवर लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, येतो आणि तो किती पसरलाय (म्हणजेच स्टेज) ते बघायला डॉक्टर चिठ्ठीवर पेट-सीटी लिहून देतात. खर्चाचा आकडा कानावर पडला की घरातलं कुणीतरी विचारतंच, "साध्या सीटीवर भागणार नाही का?" प्रश्न रास्त आहे. काही जणांचं खरंच भागतं. ते ठरतं लिम्फोमाच्या जातीवरून, म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टवरचं पूर्ण नाव आधी वाचा.

साध्या सीटीला दिसतो तो आकार. गाठीचा सर्वांत लांब व्यास दीड सेंटिमीटरच्या वर गेला की ती संशयित धरतात, प्लीहा उभ्या मापात १३ सेंटिमीटरपेक्षा मोठी असली तर तीही. पण एक सेंटिमीटरच्या गाठीतही रोग असू शकतो आणि संसर्गाने सुजलेली निरुपद्रवी गाठ दोन सेंटिमीटरची निघू शकते. बोन मॅरोमधला रोग तर सीटीला सहसा दिसतच नाही. जमेची बाजू म्हणजे सीटी बहुतेक शहरांत होतो, स्वस्त पडतो आणि मिनिटांत उरकतो. चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्ट हे औषध देतात, त्यामुळे आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) बघून घ्यावं लागतं.

पेट-सीटीत किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर टोचतात. जी जागा साखर ओढते, ती उजळते. हॉजकिन, डिफ्यूज लार्ज बी-सेल, फॉलिक्युलर आणि मँटल सेल या जाती साखरेच्या बाबतीत बहुधा खादाड. लिम्फोमाची स्टेज ठरवण्याच्या २०१४ च्या लुगानो वर्गीकरणात अशा जातींच्या स्टेजिंगसाठी पेट-सीटीच सुचवला आहे. हॉजकिनमध्ये तर तो झाला असेल तर कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढायची वेळ बहुतेकदा येत नाही. एवढ्यासाठीही तो मला महाग वाटत नाही.

याउलट सीएलएल, वॉल्डेनस्ट्रॉम आणि बरेचसे मार्जिनल झोन लिम्फोमा या मंद वाढणाऱ्या जाती साखरेकडे फारसे वळत नाहीत. तिथे सीटी पुरतो. असा मंद रोग अचानक आक्रमक झाल्याची शंका आली, तर मात्र पेट-सीटी करून सर्वांत उजळ जागेची बायोप्सी घेतात.

पेट-सीटी फसतोही. क्षयाची गाठ कॅन्सरइतकीच झगझगते, आणि आपल्या देशात ही किरकोळ बाब नाही. एकाच उजळलेल्या जागेमुळे स्टेज आणि उपचार दोन्ही बदलणार असतील, तर त्या जागेचा तुकडा तपासायचा का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आदल्या दिवशी जोरकस व्यायाम केला तर स्नायू उजळतात, थंडीत कुडकुडलं तर मानेतली तपकिरी चरबी. म्हणून किमान चार तास उपास, रक्तातली साखर २०० च्या आत, अंगावर उबदार कपडे आणि इंजेक्शननंतर तासभर गुपचूप पडून राहणं. मधुमेहाच्या गोळ्या-इन्शुलिनचं काय करायचं ते केंद्रावर आधीच विचारून ठेवा. हे फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे ते फार लांब नेता येत नाही. ते बनवणारं यंत्र म्हणजे सायक्लोट्रॉन; भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला. आजही ही सोय मुख्यतः मोठ्या शहरांतच आहे.

एमआरआयची जागा ठरलेली आहे: मेंदू आणि मणका. मेंदू मुळातच भरपूर साखर खातो, त्यामुळे पेटच्या चित्रात तो सगळाच उजळलेला असतो आणि आतला रोग झाकला जाऊ शकतो. किरणोत्सर्ग नसल्याने गरोदर बाईसाठीही एमआरआय बरा, कॉन्ट्रास्ट न देता. सोनोग्राफी मुख्यतः बायोप्सीची सुई कुठे टोचायची ते दाखवायला.

पेट-सीटी करायचाच असेल, तर माझं एक सांगणं: पहिल्या किमोआधी, जमल्यास स्टिरॉइडच्याही आधी करा. उपचार सुरू झाल्यावरचा पुढचा स्कॅन डोव्हिल नावाच्या १ ते ५ मापात वाचतात. उरलेली चमक छातीतल्या रक्ताच्या आणि यकृताच्या चमकेशी ताडतात. मुळात रोग कुठे होता हेच माहीत नसेल, तर तो वाचणाऱ्याचे हात बांधले जातात, आणि तो पहिला फोटो मागाहून काढता येत नाही. पुढे ढीगभर स्कॅन करण्यापेक्षा हा एक वेळेवर केलेला बरा. याच मापावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅथल चाचणीत पुढच्या स्टेजच्या हॉजकिनच्या रुग्णांना एबीव्हीडी या चार औषधांच्या किमोची दोन आवर्तनं देऊन पेट केला, आणि तो स्वच्छ आला तर त्यातलं फुप्फुसाला त्रास देणारं ब्लिओमायसिन पुढे वगळता आलं.

छातीतल्या गाठीने श्वास कोंडत असेल तर मात्र स्कॅनच्या तारखेची वाट बघत बसायचं नसतं. तेव्हा हाताशी असलेल्या सीटीवरच उपचार सुरू करतात.