ईपरचं इन फ्लँडर्स फील्ड्स म्युझियम: लढाई अव्वल, कारणं मात्र घाईत

पहिल्या महायुद्धावरचं एकच संग्रहालय पाहायचं असेल, तर बेल्जियममधल्या ईपरचं हे निवडा. फक्त १९१४ च्या उन्हाळ्यात युरोपात काय बिनसलं ते घरूनच वाचून जा. साराजेव्होतला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, युती-प्रतियुती, रशियाची सैन्य-जमवाजमव हे सगळं इथे भराभर उरकलंय. बेल्जियमवर ४ ऑगस्टला जर्मन फौजा चालून आल्या आणि १८३९ च्या तटस्थतेच्या करारावर बोट ठेवून ब्रिटन युद्धात उतरलं, तिथपासून पुढे मात्र मांडणी पकड घेते.

कारण इथली लढाई जमीन आणि पाण्याशीही होती. ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस नियूपोर्ट बंदराचे पाणी अडवणारे दरवाजे भरतीच्या वेळी उघडून इझर नदीकाठचा सखल पट्टा बुडवला गेला आणि जर्मन अडले. १९१७ मध्ये पाणी ब्रिटिशांवरच उलटलं. माती चिकण, पाणी जिरतच नाही. शेतांतले निचऱ्याचे चर होते ते ३१ जुलैच्या हल्ल्याआधी झाडलेल्या चाळीस लाखांवर तोफगोळ्यांनी फोडले, वर ऑगस्टचा पाऊस. पासनडेलच्या या लढाईतला तो कुप्रसिद्ध चिखल अर्धा ब्रिटिशांच्या स्वतःच्याच तोफखान्याने कालवलेला होता.

विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांच्या काचेपाशी वेळ काढा. २२ एप्रिल १९१५ ला जर्मनांनी सोडलेला क्लोरीन वायू हवेपेक्षा जड, म्हणून खंदकात उतरतो; गोळ्यांपासून वाचायला खाली बसलेला माणूस आधी गुदमरतो. क्लोरीन पाण्यात विरघळतो, त्यामुळे नाकातोंडावर ओलं फडकं थोडाफार आधार द्यायचं. मग हायपोत (फोटो धुताना वापरायचं रसायन) भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या आल्या, डोक्यावरून घ्यायच्या टोप्या आल्या, शेवटी कोळशाच्या गाळणीचे मुखवटे. जुलै १९१७ मध्ये मस्टर्ड गॅस आला तेव्हा तेही अपुरे पडले. तो कातडीच भाजतो. २६ एप्रिल १९१५ ला इथेच प्रतिहल्ल्यात उतरलेल्या ब्रिटिश हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनकडे मुखवटे नव्हते.

युद्धानंतरचा भाग कळायला इमारतच पुरे. तेराव्या शतकातला हा कापडबाजार तोफांनी जमीनदोस्त केला. चर्चिलला शहराचे अवशेष स्मारक म्हणून तसेच राखायचे होते. गावकऱ्यांनी ऐकलं नाही, हुबेहूब बांधकाम १९६७ पर्यंत चाललं. मनोऱ्याचं तिकीट वेगळं, पायऱ्या २३१. गुडघे साथ देत असतील तर चढाच, कारण रणभूमी किती चिमुकली होती ते वरूनच उमगतं.

दोन-अडीच तास हाताशी ठेवा. हिवाळ्यात सोमवारी बंद. रात्री आठला मेनिन गेट या स्मारक-कमानीखाली लास्ट पोस्ट, म्हणजे बिगुलाची मानवंदना, फुकट. साडेसातला पोचला नाहीत तर लोकांच्या पाठीच दिसतील. टाळ्या वाजवायच्या नाहीत. कमानीवर ५४ हजारांवर बेपत्ता सैनिकांची नावं आहेत, पण भारतीयांची मुख्य यादी सीमेपलीकडे फ्रान्समध्ये, न्यूव्ह शापेलला. तिथे २८ ऑक्टोबर १९१४ ला खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या पायदळासारख्या चढाईत झोकल्या गेल्या. पूल-रस्ते बांधणारी कसबी माणसं अशी खर्ची घालणं हा शुद्ध अविचार. तिकडे जायला स्वतःची गाडी बरी.

वाटेत बांधावर किंवा विजेच्या खांबाशी गंजका तोफगोळा दिसला, तर फोटोसाठीही हात लावू नका. नांगरटीत ते अजून निघतात, त्यांतले काही विषारी वायूचे असतात, आणि ते उचलायला बेल्जियन लष्कराचं पोलकापेलचं पथक येतं.